वाशिममधलं नवं घर, चार कॅमेरे आणि 'अॅडमिन१२३'

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. यातलं कुठलंही गाव घ्या. गावाबाहेरच्या रस्त्याला लागलं की नवे लेआऊट दिसतात. मोकळ्या प्लॉटमध्ये एखाद-दुसरं घर, मध्ये कुणाची तूर, कुणाचं सोयाबीन, आणि घराच्या पॅरापेटवर चार पांढरे कॅमेरे. पूर्वी पाण्याची टाकी चढली आणि गेट लागलं की घर वास्तुशांतीला तयार. आता त्या यादीत कॅमेरेही आलेत. कारणं खरी आहेत. पोरं पुण्या-नागपूरला, घरी आई-बाबा दोघंच. लग्नसराईत घर दोन-दोन दिवस बंद. शेजारचा प्लॉट रिकामा, म्हणजे हाक मारली तरी ऐकायला कुणी नाही.

आमच्या घरी हेच झालं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही घर बांधलं आणि वास्तुशांतीच्या आठवड्यात कॅमेरे बसले. बसवणाऱ्यानं बाबांच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं, बाबा खूश. दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी सहज त्या ॲपच्या सेटिंगमध्ये गेलो. डीव्हीआरचं मूळ खातं बसवणाऱ्याच्या मोबाईल नंबरवर होतं आणि बाबांना ते फक्त 'शेअर' केलेलं होतं. म्हणजे आठ महिने आमचं अंगण, ओसरी, आई सकाळी तुळशीला पाणी घालते ती जागा, हे सगळं एका तिसऱ्या माणसाच्या फोनवर उघडता येत होतं. त्यानं पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक पाहिलंही नसेल. पण तो पाहू शकत होता आणि आम्हाला ते माहीत नव्हतं.

सुरक्षेसाठी घेतलेली वस्तूच घरातलं सगळ्यात मोठं भोक ठरू शकते. सरकारनं याच विषयावर एक मोठा नियम आणला आहे, त्यामुळे आत्ता घर बांधणाऱ्यांनी तो समजून घ्यायला हवा. आणि तो नियम कुठपर्यंत पुरतो, हे त्याहून जास्त समजून घ्यायला हवं.

९ एप्रिल २०२५ ला काय बदललं?

२०२१ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री होते संजय धोत्रे. म्हणजे अकोल्याचे तेव्हाचे खासदार. आपला रिसोड विधानसभा मतदारसंघ त्याच लोकसभा क्षेत्रात येतो. त्यांनी लोकसभेत सांगितलं होतं की सरकारी संस्थांमधले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि व्हिडिओचा डेटा परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये मंत्रालयानं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या. त्या आधी ऑक्टोबर २०२४ पासून लागू व्हायच्या होत्या, मग मुदत वाढली आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या बंधनकारक झाल्या.

त्याआधीही कॅमेऱ्याला बीआयएसची नोंदणी लागायचीच. पण ती मुख्यतः विजेच्या सुरक्षेची होती: शॉक बसू नये, आग लागू नये. नव्या अटी कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरला हात घालतात. डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो का? लॉगिन पक्कं आहे का? नको असलेले पोर्ट बंद आहेत का? अपडेट खरंच कंपनीकडूनच आलंय, हे कॅमेरा तपासतो का? मुख्य चिप कुठून आली? हे सगळं सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासलं जातं. ही व्यवस्था एसटीक्यूसी या सरकारी यंत्रणेखाली चालते.

ही तपासणी का गरजेची होती, याचं एकच उदाहरण देतो. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलमध्ये अशी त्रुटी सापडली की पासवर्ड माहीत नसतानाही बाहेरचा माणूस इंटरनेटवरून कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा घेऊ शकत होता. कंपनीनं दुरुस्त फर्मवेअर दिलं. पण ते फर्मवेअर प्रत्येक घराच्या, प्रत्येक दुकानाच्या कॅमेऱ्यात कोण टाकणार? आपल्याकडे कॅमेरा एकदा बसला की त्याला शिडी लागते ती थेट बिघडल्यावरच.

दुकानात गेल्यावर हे तपासायचं कसं? दोन पायऱ्या आहेत. बॉक्सवर बीआयएसच्या चिन्हाखाली 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये तो टाका. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळतेय का बघा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण हा क्रमांक जुन्या, फक्त विजेच्या सुरक्षेच्या नोंदणीचाही असू शकतो. म्हणून दुसरी पायरी: नेमका मॉडेल क्रमांक एसटीक्यूसीच्या वेबसाइटवरच्या प्रमाणित कॅमेऱ्यांच्या यादीत शोधा. कंपनी यादीत असणं पुरेसं नाही, मॉडेल असायला हवं. जुना माल स्वस्तात काढणारा दुकानदार इथेच अडखळतो.

नियम जिथे संपतो

आता दुसरी घटना. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले, तपासणीसाठी आलेल्या महिलांचे व्हिडिओ टेलिग्रामवर विकले जात असल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी सुरुवातीला जे तिघे पकडले, त्यातले दोघे आपल्या महाराष्ट्रातले निघाले: एक लातूरचा, एक सांगलीचा. आणि कॅमेऱ्यात शिरायचा रस्ता कोणता होता? कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. 'अॅडमिन१२३'.

इथे कुठली परदेशी चिप नव्हती, की कुठलं गुपित सॉफ्टवेअर नव्हतं. उघडं दार होतं. हे नवंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरनं जगभरातले लाखभर कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. त्याच्याकडे शस्त्र म्हणून होती फक्त साठेक नेहमीच्या युजरनेम-पासवर्डची यादी. तुमच्या घरच्या कॅमेऱ्यात बघण्यासारखं काही नसलं, तरी तो कॅमेरा म्हणजे इंटरनेटला जोडलेला एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि कुणाच्या तरी कामाचा आहे.

म्हणजे गोष्ट अशी आहे. नवा नियम कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूला पकडतो. कॅमेरा दुकानाच्या काउंटरवरून तुमच्या भिंतीवर जाईपर्यंत जे घडतं, ते या नियमाच्या हातात नाही. तिथे तुम्ही, बसवणारा आणि एक पासवर्ड, एवढेच असता. प्रमाणित कॅमेरा घेतलात आणि खातं बसवणाऱ्याच्या नंबरवर ठेवलंत, तर आमच्यासारखीच गत.

आधी ठरवा: चोर दिसायला हवा की थांबायला हवा?

कॅमेरा आणि अलार्म ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण ती एकच समजतो. कॅमेरा मुख्यतः नोंद ठेवतो. रात्री अडीच वाजता कुलूप तुटलं, तर कॅमेरा ते रेकॉर्ड करेल; तुम्ही ते सकाळी बघाल. अलार्म त्याच क्षणी आवाज करतो आणि फोन करतो. घरफोडी करणाऱ्याला हवा असतो वेळ आणि शांतता. सायरन त्याच्याकडून दोन्ही काढून घेतो.

म्हणून बजेट मर्यादित असेल तर आठ कॅमेऱ्यांऐवजी तीन चांगले कॅमेरे आणि एक साधा अलार्म घ्या. गेट, मुख्य दार, मागचं दार. चौथा कॅमेरा गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर, कारण लेआऊटमधल्या बऱ्याच घरांना बाहेरून जिना असतो. घरात सोयाबीनचे कट्टे उतरवून ठेवणार असाल, तर ती खोली कॅमेऱ्यापेक्षा दाराच्या सेन्सरनं चांगली राखली जाते.

स्लॅब पडायच्या आधी पाइप टाका

घर अजून बांधायचं असेल तर या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला हा. इलेक्ट्रिशियन लाइटच्या पट्ट्यांसाठी पाइप टाकतो तेव्हाच कॅमेऱ्यांसाठी वेगळा पाइप टाकून घ्या. २५ मिलिमीटरचा, लाइटच्या पाइपपासून दूर, आत ओढायची तार ठेवून. गेट, चारही कोपरे, मुख्य दारावर एक, आणि सगळे पाइप एकाच ठिकाणी येऊ द्या. ती जागा हॉलमधल्या टीव्हीखाली नको. डीव्हीआर तिथे ठेवला की चोर टीव्हीसोबत पुरावाही घेऊन जातो. माळ्यावर किंवा आतल्या कपाटात कुलूप लागेल अशी, थोडी हवा खेळती राहील अशी जागा शोधा.

वायर कुठली? दोन पर्याय आहेत. डीव्हीआरसोबत कोअॅक्सियल केबल येते आणि प्रत्येक कॅमेऱ्याला वीज वेगळी द्यावी लागते. एनव्हीआरला कॅट-६ नेटवर्क केबल लागते आणि पीओई असेल तर त्याच एका केबलमधून वीजही जाते. एका ओढीत १०० मीटरपर्यंत. नवं घर असेल तर माझं मत कॅट-६ ला आहे. उद्या कॅमेरे बदलले, वरच्या मजल्यावर वाय-फायचा दुसरा पॉइंट लावायचा झाला, तरी तीच केबल कामाला येते. बजेट कमी असेल तर डीव्हीआरही वाईट नाही. पण पाइप टाकाच, म्हणजे नंतर बदल करता येतो.

आणि वाय-फाय कॅमेरे? भाड्याच्या खोलीसाठी, बाळावर लक्ष ठेवायला ठीक. पण घराच्या बाहेरच्या सुरक्षेसाठी त्यांच्यावर विसंबू नका. आरसीसीच्या दोन भिंती ओलांडताना सिग्नल मरतो, राउटर बंद झाला की थेट चित्र आणि नोटिफिकेशन दोन्ही बंद, आणि वाय-फाय सिग्नल मुद्दाम अडवणं फार अवघड नाही. 'वायरलेस' म्हणतात त्यातल्या बहुतेकांना विजेची वायर तरीही लागतेच.

मेगापिक्सेलमागचं गणित

बॉक्सवर लिहिलेलं असतं: 'नाइट व्हिजन ३० मीटर'. आपल्याला वाटतं, ३० मीटरवरच्या माणसाचा चेहरा दिसेल. तसं नसतं.

या क्षेत्रात ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात. ते सांगतं की अनोळखी माणसाची ओळख पटवायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५. आणि नुसतं 'कुणीतरी आहे' एवढं कळायला २५ पुरतात. आता २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. १९२० भागिले २५०, म्हणजे साधारण साडेसात मीटर. चित्रात दिसणाऱ्या दृश्याची रुंदी त्याहून जास्त झाली की अनोळखी चेहरा हातातून गेला.

आपल्याकडे सर्रास बसवतात ती २.८ मिलिमीटरची लेन्स खूप रुंद बघते. तिच्यासमोर साडेसात मीटर रुंदी अवघ्या ३ मीटर अंतरावरच भरते. ४ मिलिमीटरच्या लेन्सला साधारण ४ मीटर, ६ मिलिमीटरच्या लेन्सला साधारण ८ मीटर. म्हणजे पॅरापेटवरच्या त्या कॅमेऱ्यात अख्खं अंगण छान दिसतं आणि गेटमधून आलेल्या माणसाची मात्र टोपी दिसते. पोलीस स्टेशनला फुटेज नेलं की तिथे पहिला प्रश्न असतो, "चेहरा कुठाय?"

उपाय महाग नाही. एक कॅमेरा रुंद दृश्यासाठी वर ठेवा. पण गेटवर किंवा दारावर एक कॅमेरा खाली, आठ-नऊ फुटांवर, ४ किंवा ६ मिलिमीटरच्या लेन्सचा लावा, येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे रोखलेला. कॅमेरा घेताना मेगापिक्सेलआधी लेन्स किती मिलिमीटरची ते विचारा. दुकानदार थोडा दचकेल, पण बॉक्सवर ते लिहिलेलं असतं.

आणखी दोन गोष्टी. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे जवळच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून परत येतात आणि चित्र धुरकट होतं. भिंत चित्रात येणार नाही असा कोन ठेवा. आणि पावसाळ्यात त्या दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो. महिन्यातून एकदा झाडूनं जाळी काढली नाही, तर हजारोंची सिस्टीम रात्रभर कोळ्याचं शूटिंग करते आणि हलचालीच्या नोटिफिकेशननी तुमचा फोन भरून टाकते.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग? आणि डेटा?

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये सेकंदाला साधारण १ मेगाबिट या वेगानं रेकॉर्ड करत असेल, तर एका दिवसाचे १०.८ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ४३ जीबी. म्हणजे १ टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये साधारण २३ दिवस बसतात. वेग दुप्पट ठेवला तर साडेअकरा दिवस. गावाला आठ दिवस गेलात आणि परत आल्यावर काही लक्षात आलं, तर आधीचे दिवस शिल्लक हवेत. म्हणून किमान १५ दिवस मिळतील असं सेटिंग ठेवा. हार्ड डिस्क सतत लिहिण्यासाठी बनवलेली, सर्व्हेलन्स प्रकारची घ्या. जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क फुकट मिळाली म्हणून लावू नका.

याच गणितातून एक दुसरी गोष्ट कळते. वावरातल्या घराला किंवा गोठ्याला सिम कार्डवर चालणारा कॅमेरा लावायचा विचार असेल, तर सतत थेट चित्र बघत बसलात की दिवसाचे १०.८ जीबी जातात. रोज दीड-दोन जीबी देणारा रिचार्ज तीन-चार तासांत संपेल. अशा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आतल्या मेमरी कार्डवरच करा आणि मोबाईलवर फक्त हालचालीचा अलर्ट येऊ द्या.

क्लाउडचं काय? एक फायदा पक्का: चोरानं डीव्हीआर नेला तरी फुटेज वाचतं. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत वायझ या कंपनीच्या बिघाडामुळे सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातली चित्रं दिसली होती. म्हणून माझा नियम: गेटचा कॅमेरा क्लाउडवर चालेल, घराच्या आतला नाही. खरं तर घराच्या आत कॅमेरा लावण्याआधीच दहा वेळा विचार करा.

लाइट गेली की काय?

बहुतेकांच्या घरी इन्व्हर्टर आहे. तरीही लाइट गेली की कॅमेरे बंद पडतात, कारण डीव्हीआर आणि राउटरची पट्टी इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेलीच नसते. वायरिंग होतानाच ती घ्या. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून साधारण ४०-५० वॉट खातात, म्हणजे एका पंख्यापेक्षाही कमी. १५० अॅम्पिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-अवर असतात. हिशेबाला हजार-अकराशे धरा. नुसते कॅमेरे असतील तर वीस तास सहज निघतात. दोन पंखे सोबत असतील तर साधारण सहा तास.

दुसरं म्हणजे वीज. आपल्याकडे मृगाच्या आसपास आणि परतीच्या पावसात कडाडणाऱ्या विजा काही नवीन नाहीत. घराबाहेर लांब गेलेली प्रत्येक केबल त्या झटक्याला आत यायचा रस्ता देते. घराचं अर्थिंग खरंच केलंय का, की नुसतीच हिरवी वायर सोडून दिलीय, हे मीटर लावून तपासायला सांगा. एक पोर्ट जळाला की बऱ्याचदा अख्खा डीव्हीआर जातो.

अलार्म घेताना: आपलं ऊन आणि जिओचं सिम

अलार्ममध्ये मुख्यतः दोन सेन्सर असतात. एक दारा-खिडकीला लागणारा मॅग्नेटिक सेन्सर: चुंबक दूर झालं की सायरन. दुसरा पीआयआर: माणसाच्या शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला हलता फरक ओळखणारा. इथे आपल्या जिल्ह्याची अडचण येते. मे महिन्यात बंद घरातली खोली ३५-३६ अंशांवर गेली की भिंत आणि माणूस जवळपास सारखेच गरम होतात आणि पीआयआरची नजर कमजोर पडते. उन्हाळ्याच्या सुट्टीत, लग्नसराईत घर बंद असतं नेमकं तेव्हाच. म्हणून फक्त पीआयआरवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक बाहेरच्या दाराला मॅग्नेटिक सेन्सर हवाच. त्याला उन्हाचं काही देणंघेणं नसतं. पीआयआर घेतलाच तर तापमानानुसार स्वतःला जुळवणारा घ्या.

दुसरी अडचण सिमची. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त जीएसएम अलार्म २जी नेटवर्कवरच चालतात. जिओचं नेटवर्क २जी देतच नाही. म्हणजे घरातलं जुनं जिओचं सिम त्यात टाकलं की सायरन वाजेल, पण फोन कधीच येणार नाही. आणि हे तुम्हाला कळेल ते नेमकं नको त्या रात्री. ४जी पॅनल घ्या, किंवा २जी चालणारं सिम टाका. रिचार्जची तारीख मोबाईलमध्ये रिमाइंडरला लावा. महिन्यातून एकदा दार उघडून स्वतः अलार्म वाजवून बघा.

अलार्मचा फोन कुणाला जाणार, हेही ठरवा. पुण्यातल्या मुलाला रात्री अडीचला फोन आला तर तो काय करणार? पहिला नंबर गावातल्या नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा ठेवा, त्यांना विचारून. दुसरा तुमचा. आणि पोलिसांसाठी ११२. घरच्यांना एवढंच पक्कं सांगून ठेवा की सायरन वाजला तर बघायला एकट्यानं बाहेर जायचं नाही.

शेजारी, भाऊबंद आणि कायदा

लेआऊटमधली घरं जवळजवळ असतात. तुमचा कॅमेरा शेजारच्या काकूंच्या मोरीकडे किंवा खिडकीकडे वळलेला असेल, तर तो फक्त भांडणाचा विषय नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. खासगी क्षणातल्या स्त्रीचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी एक ते तीन वर्षं शिक्षा आणि दंड.

एकाच घरात दोन भाऊ राहत असतील तर? २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं सांगितलं की घरातल्या राहत्या भागात दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप केला नाही. एकत्र कुटुंबात, वाटणीच्या घरात, भाडेकरू ठेवलेल्या घरात हे लक्षात ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये 'प्रायव्हसी मास्क' हे सेटिंग असतं. शेजाऱ्याची खिडकी त्यानं काळी करा आणि शेजाऱ्याला बोलावून ते दाखवा. पाच मिनिटांचं काम, पण पुढची पाच वर्षं शांततेत जातात. शेवटी सायरन वाजल्यावर धावून येणार तोच शेजारी आहे.

आणि चोरी झालीच तर? फुटेज कोर्टात पुरावा म्हणून टिकायला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. त्यात त्या फाइलचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, नोंदवतात. त्यामुळे मोबाईलनं टीव्हीच्या स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे झालं, असं समजू नका. डीव्हीआर बंद करू नका, काही पुसू नका, मूळ रेकॉर्डिंग पोलिसांना दाखवा. आणि आजच डीव्हीआरचं घड्याळ तपासा. ते दोन तास मागे असेल, तर खरा व्हिडिओही संशयात सापडतो.

बसवणारा शिडी उतरला की

पैसे देण्याआधी, तो समोर असतानाच ही कामं करा. अर्धा तास पुरतो.

१. डीव्हीआर किंवा कॅमेऱ्याचं मूळ खातं तुमच्याच मोबाईल नंबरवर आणि ईमेलवर उघडा. घरच्या बाकीच्यांना तुम्ही शेअर करा.

२. ॲपमध्ये 'शेअर केलेले युजर' आणि डीव्हीआरमध्ये 'युजर मॅनेजमेंट' बघा. ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव काढा.

३. अॅडमिनचा पासवर्ड स्वतः टाका. निदान १२ अक्षरी, गाडीचा नंबर किंवा जन्मसाल नसलेला. त्याला पाठ फिरवायला सांगायला लाजू नका. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला तरी चालेल. भिंतीवर चिकटवू नका.

४. राउटरचाही पासवर्ड बदला. त्यातलं यूपीएनपी बंद करा आणि 'पोर्ट फॉरवर्डिंग'ची यादी रिकामी आहे ना बघा. आजकालच्या ॲपला त्याची गरज नसते.

५. फर्मवेअर अपडेट करा आणि दर तीन महिन्यांनी बघायचं रिमाइंडर लावा.

६. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या. पक्कं बिल घ्या.

७. मेन स्विच बंद करून बघा: कॅमेरे चालू राहतात का? रात्री गेटपासून स्वतः चालत या आणि फुटेजमध्ये स्वतःचा चेहरा ओळखू येतो का बघा.

कॅमेरे आधीच बसलेत आणि खातं दुसऱ्याच्या नंबरवर आहे? आमच्यासारखंच असेल तर बसवणाऱ्याला फोन करून त्याच्या ॲपमधून डिव्हाइस काढायला सांगा. नाही ऐकलं तर डीव्हीआर फॅक्टरी रीसेट करून नव्यानं जोडता येतो. त्यासाठी कंपनीच्या ग्राहक सेवेला बिल दाखवावं लागू शकतं. तुमच्या घरचं फुटेज कुठे पसरल्याचं दिसलं, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

आमच्या बसवणाऱ्यानं फोनवर लगेच मान्य केलं. म्हणाला, "भाऊ, सगळ्यांचं असंच करतो मी. लोकं पासवर्ड विसरतात, मग मलाच बोलावतात." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या फोनमध्ये तालुक्यातली किती घरं आहेत, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. उद्या त्याचा फोन हरवला, तर ती सगळी घरं त्याच्यासोबत हरवतील.

आता आमच्या डीव्हीआरचा पासवर्ड आईनं ठरवलेला आहे. बाबा अजून दोनदा विसरलेत, तिसऱ्यांदाही विसरतील. वही कपाटात आहे.